उद्यानातलं शौचालय कुणाच्या यादीत येतं?

घरातलं शौचालय सरकारी अनुदानातून बांधलं असेल तर तुम्हाला ते दिवस आठवत असतील. अर्ज, आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स, मग बांधकामाचा फोटो, आणि शेवटी पूर्ण झालेल्या शौचालयासमोर उभं राहून काढलेला तुमचा स्वतःचा फोटो. खेड्यात १२,००० रुपये मिळत होते. शहरात स्वच्छ भारत मिशनच्या पहिल्या टप्प्यात केंद्राचे ४,००० आणि त्यावर राज्याचा वाटा. रक्कम पुरली नसेल, हप्ता उशिरा आला असेल, तरी यादीत तुमचं नाव होतं. नाव असलं की विचारता येतं. "माझा हप्ता कुठे अडकला" म्हणून खिडकीशी उभं राहता येतं.

आता तुमच्या वस्तीतलं उद्यान डोळ्यांसमोर आणा. सकाळी फिरणारे येतात, संध्याकाळी मुलं येतात, मुलांबरोबर आया आणि आज्या येतात. फाटकाबाहेर फुगेवाला, पाणीपुरीवाला, भुट्टे भाजणारी बाई. आत माळी आणि झाडणाऱ्या बायका. यांतल्या कुणाला लघवीला जायचं झालं तर कुठे जायचं? बऱ्याच उद्यानांत जागाच नाही. काही ठिकाणी खोली बांधलेली आहे, पण दाराला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही.

या खोलीसाठी कुणाचंही नाव कुठल्याही यादीत नसतं. तिचा लाभार्थी म्हणजे "सगळे", आणि सगळ्यांच्या वतीने खिडकीशी उभं कोण राहणार? म्हणून या लेखात तुमच्या नावावर नसलेली सोय मागायची कशी, कोणत्या नियमाचा आधार घ्यायचा, आणि नियमातच पळवाट कुठे आहे, हे सांगते आहे.

आधी माझी चूक

मी जबलपूरला राहते आणि योजनांची माहिती मराठीत आणण्याचं काम करते, कंत्राटावर. आमच्या भागातल्या उद्यानात बायकांसाठी शौचालय हवं म्हणून गल्लीतल्या काकूंनी अर्ज द्यायचं ठरवलं. आजीही त्यात होती. तिला रक्तदाबाची जी गोळी आहे, तिने लघवी जास्त होते. डॉक्टर म्हणतात रोज चाला, आणि गोळी म्हणते घराजवळच राहा. तिने यावर स्वतःच उपाय शोधला होता. फिरायला जायच्या दिवशी ती गोळी दुपारी घ्यायची आणि सकाळपासून पाणी जवळजवळ प्यायचीच नाही. हे आम्हाला कळलं तेव्हा बरेच महिने उलटले होते.

"तू सरकारी भाषा लिहितेस, तूच लिही," म्हणून अर्ज माझ्याकडे आला. मी हिंदीत छान लिहिला. विषयात लिहिलं, "उद्यान में सामुदायिक शौचालय के निर्माण हेतु." छत्तीस सह्या झाल्या.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. सामुदायिक शौचालय फक्त ज्या वस्तीत घरोघरी शौचालय बांधायला जागा नाही तिथेच बांधलं जातं, तुमच्या भागात सर्व घरांत शौचालयं आहेत, सबब मागणी निकाली काढण्यात येत आहे. उत्तर बरोबर होतं. चूक माझ्या एका शब्दात होती. वर्षभर मी ज्या मार्गदर्शक सूचना भाषांतरित करत होते, त्यांच्यातच तो फरक स्पष्ट लिहिलेला होता.

तुमच्याकडून तसं होऊ नये म्हणून नीट सांगते. आपण बोलताना सगळ्यालाच "सार्वजनिक संडास" म्हणतो. सरकारी कागदात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामुदायिक शौचालय हे ठरावीक घरांसाठी असतं. ज्यांच्या घरी जागा नाही, अशी कुटुंबं रोज तेच वापरतात. त्याचं प्रमाणही त्या हिशेबाने ठरलेलं आहे : ३५ पुरुषांमागे एक आसन, २५ बायकांमागे एक आसन. सार्वजनिक शौचालय हे येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी असतं, म्हणजे बाजार, बस स्थानक, रुग्णालय, उद्यान अशा जागी. त्याचं प्रमाण वेगळं आहे : १०० ते ४०० पुरुषांमागे एक आसन, १०० ते २०० बायकांमागे दोन. उद्यानासाठी अर्ज करताना शब्द "सार्वजनिक शौचालय" हाच हवा. हिंदीतही तोच शब्द चालतो. "प्रसाधनगृह" हा आपला सभ्य शब्द तिकडे कुणाला कळत नाही. "मूत्रालय" लिहिलंत तर भिंतीला लागून पुरुषांसाठी तीन कप्पे बांधून मोकळे होतील.

त्या प्रमाणाकडे जरा पुन्हा पाहा. २०० पुरुषांमागे एक आणि २०० बायकांमागे दोन. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनाही ठाऊक आहे की बायकांना जास्त जागा लागते. साडी किंवा सलवार, कडेवरचं मूल, पाळी, गरोदरपण, आणि पुरुषांसारखी उभ्याची सोय नसणं. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराने २००५ मध्ये कायदाच केला की नव्या सभागृहांत, नाट्यगृहांत पुरुषांच्या एका आसनामागे बायकांची दोन असावीत. आपल्याकडे कागदावरचं प्रमाण त्याच्या जवळपास आहे. जमिनीवर मात्र बहुतेक ठिकाणी उलटं दिसतं, कारण पुरुषांच्या बाजूला आसनांखेरीज मुताऱ्याही असतात, आणि एकूण सोय मोजताना त्या कुणी धरत नाही.

नियम काय मोजतो, काय मोजत नाही

शहर "हागणदारीमुक्त" ठरवण्यासाठी केंद्राने कसोट्या ठरवल्या आहेत. पहिल्या कसोटीत म्हटलं आहे की ज्या घरांत जागा आहे तिथे शौचालय हवं, ज्यांच्याकडे जागा नाही त्यांना ५०० मीटरच्या आत सामुदायिक शौचालय हवं, आणि व्यापारी भागांत १ किलोमीटरच्या आत सार्वजनिक शौचालय हवं.

यात उद्यान कुठे आहे? व्यापारी भागात ते मोडत नाही. आणि १ किलोमीटर हे अंतर तुमच्या-माझ्यासाठी किती आहे ते सांगायला नको. चार वर्षांच्या मुलाला घाई लागली आहे, आणि आईने त्याला घेऊन १ किलोमीटर जायचं आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला जायला वीस मिनिटं आणि यायला वीस. कागदावर मात्र कसोटी पूर्ण झालेली असते.

त्यापुढची कसोटी, जिला ओडीएफ प्लस म्हणतात, ती तुमच्या जास्त कामाची आहे. तिच्यात म्हटलं आहे की दिवसाच्या कोणत्याही वेळी शहरात एकही माणूस उघड्यावर शौचाला किंवा लघवीला बसलेला दिसता कामा नये, आणि सगळी सामुदायिक व सार्वजनिक शौचालयं चालू व स्वच्छ असली पाहिजेत. "किंवा लघवीला" हे शब्द लक्षात ठेवा. उद्यानाच्या मागच्या भिंतीवर जे ओघळ दिसतात, ते या कसोटीच्या विरुद्ध पुरावा आहेत. कुलूपबंद खोलीही तसाच पुरावा आहे. "सगळी चालू" या शब्दांत ती बसत नाही.

पण या कसोटीतही एक मोठी फट आहे. ती दिसणाऱ्याला मोजते. भिंतीशी उभा राहणारा पुरुष तपासणीत सापडतो. पाणी न पिता घरून निघालेली बाई सापडत नाही. जी उद्यानात येतच नाही ती तर मुळीच नाही. बाई जितकी जास्त सहन करेल, तितकं शहर कागदावर स्वच्छ. मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, गरोदरपणातले त्रास हे सगळं दवाखान्याच्या केसपेपरवर जातं, स्वच्छतेच्या अहवालात नाही. १७ जुलै २०२५ ला जाहीर झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांमध्ये जबलपूर पाचवं आलं. मला त्याचा आनंद झाला, खरंच झाला, इथला कचऱ्याचा प्रश्न आधी कसा होता ते आम्ही पाहिलं आहे. तरीही आजीची दुपारची गोळी त्या गुणांमध्ये कुठेच नाही, हेही खरं आहे.

म्हणून तुमच्या मागणीला आकडा लागतो. न दिसणारं दाखवायचं असेल तर मोजावं लागतं. आम्ही दुसऱ्या खेपेला तेच केलं. तीन संध्याकाळी, साडेपाच ते साडेसात, दोघीजणी फाटकाजवळच्या बाकावर बसून वहीत रेघा मारत होतो : बायका किती, पुरुष किती, मुलं किती, साठीच्या पुढचे किती, काठी किंवा व्हीलचेअर घेऊन आलेले किती. शेवटचा रकाना जवळजवळ रिकामाच राहिला. तेही आम्ही अर्जात लिहिलं. अपंग व्यक्ती येत नाहीत याचा अर्थ त्यांना उद्यान नको आहे असा नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागा त्यांना वापरता येण्याजोग्या करायला सांगतो. त्यामुळे उतार आणि रुंद दार ही मागणी पहिल्याच अर्जात घालावी, नंतर फोडाफोड करायला कुणी तयार होत नाही.

पुण्या-मुंबईत काय झालं

या प्रश्नावर आपल्या भाषेत लढाई झालेली आहे. २०११ पासून मुंबईत अनेक संस्थांच्या कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन "राइट टू पी" नावाची मोहीम चालवली. वस्त्यांमधल्या बायकाच त्यात पुढे होत्या. त्यांनी शहरातली सार्वजनिक शौचालयं फिरून पाहिली, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली : पुरुषांना लघवी फुकट, बायकांना पैसे. सांगणाऱ्याचा युक्तिवाद साधा होता. मुतारी फुकट आहे, आसनाचे पैसे आहेत. बायकांना मुतारीच नाही, त्यामुळे त्यांनी आसनाचे पैसे द्यायचे.

हे तुमच्या हिशेबात बसवून पाहा. एका खेपेचे पाच रुपये धरा. फाटकाबाहेर भुट्टे विकणारी बाई दुपारी बारा ते रात्री नऊ उभी असते. तीन वेळा गेली तर पंधरा रुपये, महिन्याचे साडेचारशे. मध्य प्रदेशात लाडली बहना योजना २०२३ मध्ये महिना १,००० रुपयांनी सुरू झाली होती. त्यातले जवळजवळ निम्मे फक्त लघवीला गेले असते. म्हणून ती जात नाही. म्हणजे पुन्हा तेच, पाणी न पिणं.

पुण्यात विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या "मिळून साऱ्याजणी" या मासिकाच्या नावाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला. रस्त्यांवर आणि सार्वजनिक ठिकाणी बायकांसाठी स्वच्छ शौचालयं नसणं हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचा प्रश्न आहे, हे त्यात मान्य झालं. राज्यातल्या महानगरपालिकांनी समित्या नेमून अशा शौचालयांची योजना करावी असा आदेशही झाला. मला या निकालात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की बाजू मांडणाऱ्या बायकांनी दयेची भाषा वापरली नाही. महापालिकेच्या कायद्यात कर्तव्यांच्या दोन याद्या असतात. एका यादीतली कामं करावीच लागतात, दुसरीतली ऐपत असेल तर करायची. महाराष्ट्राच्या कायद्यात सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या पहिल्या यादीत आहेत. उद्यानं दुसऱ्या यादीत. म्हणजे ऐच्छिक असलेलं उद्यान आधी झालं, कारंजं झालं, रंगीत दिवे लागले, आणि सक्तीचं काम तेवढं राहून गेलं.

त्या निकालानंतर सगळं झालं असं मी सांगणार नाही. पुण्यातच २०१६ पासून जुन्या बसगाड्यांची बायकांसाठी शौचालयं करण्यात आली, "ती टॉयलेट" नावाने. कल्पना फार चांगली होती. बांधकामाची परवानगी, पाया, जागेचा वाद यांतलं काहीच नको, बस आणून उभी करायची. त्यांतल्या काही पुढे बंद पडल्या. पुढच्या मुद्द्याशी याचा संबंध आहे, म्हणून सांगितलं.

मध्य प्रदेशात तुम्ही कशाचा आधार घ्याल

मुंबईचा निकाल जबलपूरच्या नगर निगमावर थेट बंधनकारक नाही. तो दाखला म्हणून जोडता येतो, आणि जरूर जोडा. पण तुमच्या हातात इथलंही काही आहे.

मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम १९५६ यातलं कलम ६६ हे निगमाने करायच्याच कामांची यादी आहे. शौचालयं आणि मुताऱ्या बांधणं व चालू ठेवणं त्यात येतं. अर्ज हिंदीत देणार असाल तर "कलम" लिहू नका, "धारा ६६" लिहा. हिंदीत कलम म्हणजे लेखणी.

दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाचा. १५ जानेवारी २०२५ रोजी राजीब कलिता यांच्या याचिकेवर निकाल झाला. प्रकरण न्यायालयांच्या आवारातल्या शौचालयांचं होतं : पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी वेगळी सोय सर्व न्यायालयांत असावी असा आदेश झाला. उद्यानांना हा आदेश लागू होत नाही, तसं अर्जात लिहूही नका. पण त्यामागचं कारण लागू होतं. स्वच्छ शौचालय मिळणं हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतं, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, आणि माणूस न्यायालयाच्या आवारातून बाहेर पडला म्हणून त्याचं मूत्राशय बदलत नाही.

पैशांचं उत्तर तुम्हाला हमखास मिळेल : "बजट नहीं है." स्वच्छ भारत मिशनचा शहरी दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. त्यात दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना केंद्राचा वाटा २५ टक्के आहे, एक लाखापेक्षा लहान शहरांना ५० टक्के. २०११ च्या जनगणनेत जबलपूर नगर निगमाची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या वर होती. म्हणजे मोठा भार राज्यावर आणि निगमावर पडतो, हे खरं आहे. तेवढं समजून घेऊन बोललात तर समोरचा अधिकारीही जरा वेगळ्या सुरात बोलतो, असा आमचा अनुभव. उद्यानासाठीचे पैसे मात्र वेगळ्या वाटेने आलेले असू शकतात. अमृत योजनेत २०१५ पासून हिरव्या जागा आणि उद्यानांसाठी स्वतंत्र वाटा होता. जबलपूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांतही होतं. तुमचं उद्यान कोणत्या पैशातून झालं, त्या आराखड्यात शौचालय होतं का, आणि असेल तर त्याचं काय झालं, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाचे दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत, कार्डाची प्रत जोडायची. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

खरी अडचण बांधल्यानंतरची

बांधकामाचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. झाडूचं उद्घाटन कुणी करत नाही. बहुतेक बंद शौचालयांच्या मागे तीनच कारणं सापडतील : पाणी नाही, साफ करणाऱ्याचा पगार कुणी द्यायचा ते ठरलेलं नाही, किंवा खड्डा भरला आहे.

पैसे घेऊन चालवायची पद्धत सुलभच्या बिंदेश्वर पाठकांनी १९७४ मध्ये पाटण्यात रुजवली, आणि बस स्थानकावर, रेल्वे स्टेशनवर ती टिकली, कारण तिथे दिवसभर माणसं येत असतात. वस्तीतल्या उद्यानात सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास, बाकी शुकशुकाट. कंत्राटदाराला त्यात काय सुटणार? तो एक तर येत नाही, आला तर महिनाभरात कुलूप लावतो. भंवरतालसारख्या उद्यानाची गोष्ट वेगळी, तिथे शहरभरातून लोक येतात. गल्लीतल्या उद्यानाचं शौचालय निगमाच्या खर्चानेच चालावं लागेल, आणि हे अर्जात सुरुवातीलाच लिहावं लागेल. नाहीतर मंजुरी मिळेल, खोली उभी राहील, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिच्यात माळ्याचे पाइप आणि फावडी ठेवलेली असतील.

विभागांचा घोळ वेगळाच. उद्यान एका विभागाचं, स्वच्छता दुसऱ्याची, नळजोडणी तिसऱ्याची, दिवा चौथ्याचा. आम्हाला तीन ठिकाणी "हे आमच्याकडे नाही" असं सांगण्यात आलं, आणि तिघंही आपापल्या परीने बरोबर होते. म्हणून अर्ज एका विभागाच्या नावाने देऊ नका. आयुक्तांच्या नावाने द्या, आणि प्रत पार्षदांना. जबलपुरात ७९ वॉर्ड आहेत आणि राज्यात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तुमच्या वॉर्डात बाई पार्षद असतील तर त्यांना उद्यानात बोलवा, संध्याकाळी, चहा द्या आणि दोन तास थांबवा. पुढचं सांगावं लागत नाही.

विरोध वस्तीतूनही होईल, त्याची तयारी ठेवा. आमच्याकडे झाला. उद्यानाच्या भिंतीला लागून ज्यांची घरं आहेत ते म्हणाले, वास येईल, नशा करणारे जमतील, घराची किंमत पडेल. त्यांना मूर्ख म्हणून चालणार नाही. अंधाऱ्या कोपऱ्यात, झाडांमागे बांधलेल्या शौचालयाचं नेमकं तेच होतं. त्यांच्याशी बोलून आम्ही जागा बदलली : मागच्या भिंतीऐवजी फाटकाच्या आत डावीकडे, जिथे बाहेरच्या पाणीपुरीवाल्यालाही दार दिसतं. दिवा दाराच्या बाहेर. बायकांचं दार रस्त्याच्या बाजूला, पुरुषांचं दुसऱ्या बाजूला. या बदलाने दोन कट्टर विरोधकांच्या सह्या मिळाल्या. तिसरे अजून बोलत नाहीत.

बाहेरच्या विक्रेत्यांनाही सोबत घ्या. पीएम स्वनिधीचं कर्ज घेतलेले तुमच्यापैकी अनेक जण असतील. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्यात नगर विक्रय समिती आहे, तिच्यात ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडायचे आणि त्यांत एकतृतीयांश बायका हव्यात. तुमच्या समितीत त्या कोण आहेत ते शोधा. उद्यानात तासभर येणाऱ्या आमच्यापेक्षा दिवसभर बाहेर उभ्या असणाऱ्या त्या बाईची मागणी जास्त वजनदार आहे. अर्जावर पहिली सही आम्ही तिची घेतली.

अर्जात काय लिहाल

आमच्या दुसऱ्या अर्जातला मुख्य मजकूर मराठीत असा होता. तुमच्या उद्यानाप्रमाणे बदलून घ्या, हिंदीत द्यायचा असेल तर कुणाकडून तरी तपासून घ्या.

"विषय : उद्यानात सार्वजनिक शौचालय बांधणे व नगर निगमाच्या खर्चाने चालू ठेवणे. आम्ही तीन संध्याकाळी केलेली मोजणी सोबत जोडली आहे. या संख्येनुसार बायकांसाठी किमान दोन आसनं, पुरुषांसाठी एक आसन व मुतारी, आणि उतार व रुंद दार असलेली एक खोली आवश्यक आहे. उद्यान उघडं असेल तेवढा वेळ शौचालय उघडं असावं. लघवीसाठी बायकांकडून शुल्क घेऊ नये. पाण्याची जोडणी, विजेचं बिल, दिवसातून दोनदा सफाई आणि टाकी उपसण्याची जबाबदारी कोणत्या विभागाची, हे मंजुरीच्या आदेशातच लिहावं. दारावर जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि तक्रारीचा क्रमांक लावावा. अधिनियमाच्या कलम ६६ प्रमाणे हे निगमाचं कर्तव्य आहे."

अर्ज दोन प्रतींत न्या. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. मंगळवारी जनसुनवाई असते, तिथेही तीच प्रत दाखवता येते.

यानंतर १८१. सीएम हेल्पलाइन तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तक्रार चार पातळ्यांवर चढते, खालचा अधिकारी ठरलेल्या मुदतीत निपटारा करू शकला नाही तर वरच्याकडे जाते. त्यामुळे खालच्या पातळीवर ती बंद करून टाकण्याची घाई असते. आमच्या तक्रारीवर फोन आला तो भर दुपारी, आणि नेमका आजीने उचलला. पलीकडचा आवाज फार गोड होता. "अम्माजी, आपका काम स्वीकृत हो गया है, शिकायत बंद कर दें?" आजीने विचारलं, "दरवाजा लग गया?" तो म्हणाला, लगेगा. आजी म्हणाली, "तो जब लगे तब फोन करना," आणि ठेवून दिला.

तक्रार अजून उघडी आहे, दुसऱ्या पातळीवर. फाटकाच्या आत डावीकडे चुन्याने चौकोन आखून गेले आहेत. तुम्हाला असा फोन आला तर तक्रार क्रमांक लिहून घ्या, बोलणाऱ्याचं नाव आणि पद विचारा, आणि स्वतः जाऊन आतला नळ सोडून पाहिल्याशिवाय "हो" म्हणू नका.